जोरात ब्रेक मारला की गुण जातात

ग्रंथालयाच्या मागच्या पार्किंगमध्ये चार्जिंगचे खांब बसवले होते, आणि रविवारी सकाळी तिथे गाड्यांपेक्षा गप्पाच जास्त चार्ज होत. एकाच कंपनीच्या, एकाच तोंडवळ्याच्या गाड्या ओळीने उभ्या राहत. त्यांचे मालक थर्मासमधली कॉफी वाटून घेत आणि एकमेकांना एकच प्रश्न विचारत, "आलं का?"

आलेले नसे. गाड्या घेतल्यापासून ते येतच होते.

जे यायचे होते ते एक अपडेट. गाडी विकताना कंपनीने छातीठोकपणे सांगितले होते, की आज ही गाडी तुम्ही चालवा, उद्या ती तुम्हाला घेऊन जाईल. कॅमेरे बसवलेले आहेत, यंत्र बसवलेले आहे, फक्त एक अपडेट पाठवायचे राहिले आहे. ते एके दिवशी आपोआप गाडीत उतरेल, आणि मग तुम्ही नुसते कुठे जायचे तेवढे सांगायचे. पहिल्या वर्षी कंपनी म्हणाली, वर्षअखेरीला. दुसऱ्या वर्षी म्हणाली, पुढल्या तिमाहीत. त्यानंतर नुसतेच 'लवकरच' म्हणू लागली.

"या महिन्यात नक्की," बेकरीवाला म्हणायचा. हा गोलमटोल माणूस त्या घोळक्याचा अध्यक्ष होता. त्याला कुणी नेमले नव्हते, पण काढलेही नव्हते. "माझ्या मेव्हण्याच्या मित्राचा मुलगा कंपनीत आहे. त्यानं सांगितलंय."

"त्या मुलाला एकदा माझ्याकडे पाठवा," दातांच्या डॉक्टरबाई म्हणायच्या. "इतकी गोड गोड बातमी देतो, दात किडले असतील त्याचे."

या घोळक्यात चष्मेवाले सगळ्यांत वडील. बाजारपेठेत त्यांचे चष्म्याचे दुकान होते. हाताखाली तयार झालेल्या एका मदतनीस मुलीला ते त्यांनी सोपवून दिले, पण नाव चिकटले ते चिकटलेच. अर्ध्या गावाच्या नाकावर त्यांनी बसवलेल्या काचा होत्या. "आलं का?" असे ते कधी मोठ्याने विचारत नसत. बाकीच्यांना अपडेट हवे होते ते हौसेने. बेकरीवाल्याला सकाळचा पाव पोचवताना डुलकी काढायची होती. डॉक्टरबाईंना दवाखान्यातून घरी जाताना पाय वर घेऊन बसायचे होते. चष्मेवाल्यांचे कारण वेगळे होते आणि ते त्यांनी कुणाला सांगितले नव्हते.

त्यांना काचबिंदू होता.

हा रोग मोठा लबाड. तो नजरेच्या मधोमध हात लावत नाही, कडेकडेने कुरतडत येतो. माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतो, सुईत दोरा ओवतो, आणि बाजूने कुणी आले तर त्याला पत्ता लागत नाही. दिसत नाही हेही कळत नाही, कारण मेंदू भारी भिडस्त असतो. जिथे चित्र कमी पडते तिथे तो शेजारचेच चित्र ओढून घेतो आणि वेळ मारून नेतो. दुकानात येणाऱ्या किती म्हाताऱ्यांना चष्मेवाल्यांनी हे समजावून सांगितले असेल! स्वतःच्या बाबतीत मात्र ते सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत थेंब घालत, लेकीला "डोळे कोरडे पडतात गं" म्हणून सांगत, आणि डॉक्टरांनी सांगितलेली बाजूच्या नजरेची तपासणी पुढे ढकलत. लायसन्स नवे करताना त्यांनी समोरचा तक्ता घडाघडा वाचून दाखवला. बाजूला काय दिसते, हे तिथे कुणी विचारलेच नाही, आणि त्यांनीही सांगितले नाही.

गाडी घेतली ती याच हिशेबाने. डोळे हळूहळू जाणार, अपडेट हळूहळू येणार. वाटेत कुठेतरी दोघांची गाठ पडेल, तोवर आपण रेटून न्यायचे.

रेटून न्यायचे ते मासोळीसाठी. मासोळी म्हणजे त्यांची नात. तिचे खरे नाव फक्त शाळेत वापरात होते. पाण्यात पडली की बाहेर यायचे नाव घेत नसे म्हणून घरात सगळे तिला मासोळी म्हणत. तिची आई, म्हणजे चष्मेवाल्यांची लेक, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचे काम करी आणि संध्याकाळी उशिरा सुटे. जावई दूर एका बोगद्याच्या कामावर होता. तो येई तेव्हा घरात पाहुणा आल्यासारखे होई. त्यामुळे मंगळवारी आणि गुरुवारी शाळा सुटल्यावर मासोळीला नदीपलीकडच्या पोहण्याच्या तलावावर नेणे-आणणे आबांकडे होते.

त्या फेऱ्यांत मासोळी मागच्या सीटवरून प्रश्न विचारी.

"आबा, मासे डोळे मिटतात का हो?"

"पापण्याच नसतात त्यांना. मिटतील काय?"

"मग झोपतात कसे?"

"उघड्या डोळ्यांनी. तुझी आई टीव्हीसमोर झोपते ना, तसे."

"आणि त्यांना मागचं दिसतं?"

"आपल्यापेक्षा पुष्कळ दिसतं. डोळे बाजूला असतात ना त्यांचे."

मुलाने नीट विचारलेला प्रश्न कधी उडवून लावायचा नाही, हा चष्मेवाल्यांचा नेम होता. उत्तर माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचे आणि घरी गेल्यावर दोघांनी मिळून शोधायचे. या दोन वारांवर त्यांचा सगळा आठवडा उभा होता. गाडी हातातून गेली की हे दोन वार जाणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आणि मग एके दिवशी कंपनीचे निवेदन आले. अपडेट तयार आहे, असे त्यात म्हटले होते. पण ते सगळ्यांना एकदम मिळणार नाही. जे नीट गाडी चालवतात त्यांना आधी. कोण नीट चालवते ते गाडीच ठरवणार. प्रत्येक फेरी संपली की ती स्क्रीनवर शंभरापैकी गुण दाखवणार. जोरात ब्रेक मारला की गुण जातात. वळणावर गाडी कलली की जातात. पुढच्या गाडीला फार चिकटलात की जातात.

झाले! भली भली माणसे परीक्षेला बसलेल्या पोरांसारखी वागू लागली. बेकरीवाल्याने शेजारच्या सीटवर अंड्यांचा ट्रे ठेवून सराव चालवला. त्याची बायको रविवारी कॉफी ओतता ओतता म्हणाली, "गिऱ्हाइकाला पाव गार पोचतोय. पण यांचे गुण गरम आहेत ना, मग झालं तर!" डॉक्टरबाई सिग्नल टाळायला अख्ख्या गावाला वळसा घालून दवाखान्यात जाऊ लागल्या.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "पिवळा दिवा लागला तर थांबायचं की जायचं?"

"जायचं!" बेकरीवाला म्हणाला. "थांबलं की ब्रेक लागतो."

सगळे हसले. पण हसता हसता प्रत्येकाने मान डोलावली, आणि ती गमतीत डोलावलेली नव्हती.

सगळ्यांत जास्त गुण चष्मेवाल्यांचे असत. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. मासोळी फेरी संपताच पुढे वाकून स्क्रीन वाचून दाखवी आणि शाळेत सांगे, की आमचे आबा गाडीत पहिले आलेत. बेकरीवाला हात जोडून म्हणे, "काका, आम्हाला शिकवणी लावा तुमच्याकडे." चष्मेवाले नुसते हसत. त्यांना या गुणांचे मूळ ठाऊक होते. डोळ्यांचा भरवसा नाही म्हणून ते गाडी मुंगीच्या पावलाने चालवत, पुढच्या गाडीपासून चार हात लांब राहत, वळणावर जीव मुठीत धरून वळत. कंपनी गुण देत होती ते त्यांच्या भीतीला.

तरी गुण पाहून त्यांना बरे वाटे. कुणीतरी रोज तपासते आहे आणि रोज पास करते आहे, असे वाटे.

त्या गुरुवारी ऊन स्वच्छ होते. मासोळी मागे बसून पायांनी पोहण्याची पिशवी तुडवत होती. तलावाच्या गल्लीत शिरायला चष्मेवाल्यांनी डावीकडे वळवायला घेतले. आरशात पाहिले, पुढे पाहिले. रस्ता मोकळा होता.

"आबा, सायकल!" मासोळी ओरडली.

"कुठे?"

हे विचारताना त्यांचा पाय आपोआप उचलला गेला. या गाडीत पेडलवरचा पाय उचलला की ती स्वतःच मंदावते, ब्रेक लागत नाही. गाडी मंदावली आणि कशाला तरी टेकली. डाव्या दाराच्या पुढे एक बाई सायकलसकट रस्त्यावर बसलेली त्यांना दिसली. आधी नव्हती, आता होती, जणू जमिनीतून उगवली.

ती टपालवाली होती. गुडघा खरचटला होता, पाकिटे रस्ताभर झाली होती, चष्मा निसटून पडला होता. चष्मेवाल्यांनी आधी तिला हात दिला, मग पाकिटे गोळा केली, मग चष्मा उचलला. त्याची एक काडी वाकडी झाली होती. त्यांनी सवयीने अंगठा लावून ती जागच्या जागी सरळ केली आणि चष्मा तिच्या नाकावर बसवला. तेव्हा कुठे तिने त्यांना नीट पाहिले.

"अहो, हा चष्मा तुमच्याच दुकानातला! दुसऱ्यांना डोळे देता आणि स्वतःचे घरी ठेवून येता होय?"

"चुकलो, बाई. दवाखान्यात येता का? सोडतो तुम्हाला."

"तुमच्या गाडीत? नको हो बाबा!" ती म्हणाली, आणि लंगडत सायकलवर बसून गेलीसुद्धा.

चष्मेवाले परत गाडीत बसले. गाडी गल्लीत नेऊन उभी केली, तेव्हा स्क्रीनवर फेरीचे गुण उमटले. मासोळीने वाचले आणि या वेळी ती ओरडली नाही.

"आबा," ती हळूच म्हणाली, "शंभर."

जोरात ब्रेक लागला नव्हता, वळणावर गाडी कलली नव्हती. गाडीच्या लेखी इतकी सुरेख फेरी आजवर झाली नव्हती.

त्या संध्याकाळी लेकीला सांगणे भाग होते. मासोळीने दारातच "आबांनी टपालवालीला पाडलं" अशी बातमी दिली होती. लेकीने हातातली पिशवी खाली ठेवली.

"पाडलं म्हणजे? बाबा, झालं काय?"

"फार नाही गं. गुडघा खरचटला तिचा. मी..." चष्मेवाले थांबले. आणि जे कारण सगळ्यांत जवळ पडलेले होते ते त्यांनी उचलले. "ते गुण असतात ना गाडीचे. जोरात ब्रेक मारला की जातात. सवय लागलीय हळू मारायची."

लेक त्यांच्याकडे पाहत राहिली. "गुणांसाठी? या वयात?"

"चुकलंच."

"माझी पोर होती मागे, बाबा!"

मासोळी जेवणाच्या टेबलाशी बसून दोघांकडे आळीपाळीने पाहत होती.

रविवारी पार्किंगमध्ये तेच कारण त्यांनी पुन्हा सांगितले, आणि ते इतके सहज खपले की त्यांनाच नवल वाटले.

"अहो, माझं परवा तेच झालं!" बेकरीवाला म्हणाला. "मांजर आडवं आलं, आणि आधी डोक्यात काय आलं असेल? गुण! मांजर शहाणं म्हणून वाचलं."

"मी लाल दिव्यातून गेले," डॉक्टरबाई म्हणाल्या. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितले नव्हते हे त्यांच्या तोंडावरून कळत होते. "ही काही तुमची चूक नाही, काका. या कंपनीने आपल्याला नाचवलंय."

"आपण सगळ्यांनी मिळून तक्रार करू," अध्यक्ष म्हणाले. "काकांचं उदाहरण पहिलं घालू."

चष्मेवाल्यांनी कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला. खोटे बोलून सुटणे वेगळे, आणि त्या खोट्याला चार लोकांनी डोक्यावर घेऊन नाचणे वेगळे. कॉफी त्यांना गेली नाही.

दुपारी लेक बाजारात गेली होती. चष्मेवाले बाहेरच्या खोलीत बसले होते. मासोळी येऊन त्यांच्यासमोर पाटावर बसावी तशी बसली, पाय दुमडून, अगदी सरळ.

"आबा, एक विचारू?"

"विचार की."

"तुम्ही म्हणता, तुम्ही मुद्दाम ब्रेक हळू मारला. पण मी सायकल म्हटलं तेव्हा तुम्ही 'कुठे' असं का विचारलं?"

लेकीला सांगितलेले कारण चष्मेवाल्यांच्या तोंडाशी आले होते. बेकरीवाल्याला पुरले, डॉक्टरबाईंना पुरले, हिलाही कदाचित पुरले असते. पण प्रश्न नीट विचारलेला होता. पोरीने चिडवायला विचारला नव्हता, तक्रार म्हणून विचारला नव्हता. तिला खरेच जाणून घ्यायचे होते.

"मला माहीत नाही," ते म्हणाले, आणि लगेच मान हलवली. "नाही. थोडं माहीत आहे, पण किती ते माहीत नाही. शोधू या?"

"शोधू या!" ती उठलीच.

त्यांनी कपाटातून दुकानातली एक जुनी डबी काढली. तिच्यात काळी बारीक काडी होती आणि काडीच्या टोकाला पांढरा मणी. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना ते याच काडीने तपासत आणि शंका आली तर डॉक्टरांकडे पाठवत. मग त्यांनी खोलीतले जाजम गुंडाळले, फरशीच्या मधोमध स्टूल ठेवले, आणि मासोळीला त्यावर बसवले.

"आता समोरच्या भिंतीवर ते दिव्याचं बटण आहे ना, त्याच्याकडेच बघायचं. काही झालं तरी डोळे हलवायचे नाहीत. मी तुझ्या पाठीमागून मणी हळूहळू पुढे आणतो. मणी दिसला की 'हो' म्हण."

"एक डोळा झाकू?"

"दोन्ही उघडे ठेव. गाडी काय आपण एका डोळ्याने चालवतो?"

मणी तिच्या कानाच्या जवळपास आला नाही तोच मासोळी "हो!" म्हणाली. त्यांनी त्या जागी फरशीवर खडूने खूण केली. दुसरी बाजूही तशीच. दोन खुणांपासून स्टुलापर्यंत रेघा ओढल्या, तर पूर्ण उघडलेला हातपंखा झाला.

"हे सगळं तुला एका वेळी दिसतं. तुला न कळता."

"एवढं?" मासोळी आपल्या पंख्याभोवती एक फेरी मारून आली. "आता तुम्ही बसा. मी डॉक्टर."

ते बसले. बटणावर नजर लावली. मासोळी उजव्या बाजूने निघाली. तिच्या अनवाणी पावलांचा आवाज त्यांना ऐकू येत होता, मणी दिसत नव्हता. खांद्याच्या बराच पुढे आल्यावर दिसला. "हो."

खडूचा आवाज झाला. मग ती डाव्या बाजूला गेली.

बटण स्वच्छ दिसत होते. त्याच्या कडेला लागलेला बोटांचा मळसुद्धा दिसत होता. डावीकडे भिंत होती, भिंतीवर काही नव्हते. पावले चालत होती, थांबत होती, पुन्हा चालत होती.

"आबा, लक्ष द्या ना!" मासोळी म्हणाली. आवाज अगदी जवळून आला, जवळजवळ समोरून. "मी केव्हाची हलवतेय."

"देतोय गं, बाळा. ये पुढे तू."

आणखी दोन पावलांनी मणी एकदम भिंतीतून बाहेर पडावा तसा दिसला. त्याच्यामागे मासोळीचा हात, आणि हातामागे तिचा चेहरा. "हो," ते म्हणाले.

मासोळीने खूण केली, रेघ ओढली आणि उभी राहून खाली पाहिले. तिच्या मोठ्या पंख्याच्या पोटात आबांचा पंखा होता. उजवीकडे थोडा मिटलेला, डावीकडे पुष्कळ. तिने कंबरेवर हात ठेवून तो बराच वेळ पाहिला. मग ती आपल्या आणि आबांच्या रेघेच्या मधल्या जागेत, डाव्या बाजूला, जाऊन उभी राहिली.

"टपालवाली इथे होती," ती म्हणाली.

"हो. तिथेच होती."

"तुमचा पंखा मिटत चाललाय, आबा?"

"मिटत चाललाय."

"उघडता येतो?"

"मिटला तो नाही उघडत. थेंबांनी पुढचा मिटायचा थांबला तर थांबतो."

काडी डबीत ठेवून तिने झाकण लावले आणि त्यांच्या मांडीवर येऊन बसली. असे ती हल्ली बसत नसे. मोठी झाली होती ना.

लेक बाजारातून आली तेव्हा जाजम गुंडाळलेलेच होते. "हे काय मांडलंय फरशीवर?" तिने विचारले. मासोळीने तोंड उघडले, पण चष्मेवाल्यांनी हात वर केला. हे त्यांनीच सांगायचे होते. त्यांनी सगळे सांगितले. काचबिंदू सांगितला, थेंब सांगितले, गाडी का घेतली ते सांगितले. गुणांची गोष्ट खोटी होती तेही सांगितले.

लेक स्टुलावर बसून ऐकत होती. रोज दुसऱ्यांचे रिपोर्ट हातात घेणारी बाई. तिला हे समजायला वेळ लागला नाही.

"म्हणजे अपडेट येईपर्यंत तुम्ही अंदाजाने चालवणार होतात," ती म्हणाली.

"असं म्हणालीस की फार वाईट वाटतं ऐकायला."

"वाईटच आहे, बाबा." मग ती जराशाने म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?"

"किल्ली काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती." तिने हात पुढे केला. चष्मेवाल्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. मंगळवारी लेकीने अर्धी रजा टाकली आणि पोरीला ती स्वतः तलावावर घेऊन गेली. दर आठवड्याला तिला अशी रजा मिळणार नव्हती, हे तिघांनाही माहीत होते.

आणि बुधवारी सकाळी अपडेट आले.

आधी चष्मेवाल्यांच्या फोनवर घंटी वाजली. मग बेकरीवाल्याचा फोन आला. गटात सगळ्यांत वर तेच असल्यामुळे पहिला मान त्यांना मिळणार हे त्याने ताडले होते. दहा मिनिटांत तो हाताला पीठ लागलेले तसाच दारात हजर. डॉक्टरबाईही दवाखान्याच्या वाटेवरून वळून आल्या. लेक खांद्याला पिशवी लावून कामावर निघाली होती, ती थांबली. मासोळी शाळेच्या कपड्यांत मागच्या सीटवर जाऊन बसली.

"बसा, काका, बसा!" बेकरीवाल्याने दार उघडून धरले. "आम्ही एवढी वर्षं पाहिलेली वाट आज तुमच्या हातून पुरी होतेय."

चष्मेवाले बसले. लेकीकडे त्यांनी पाहिले नाही. गाडी आपण चालवायची नाही, हे रविवारी ठरले होते. पण ही तर स्वतःच चालणार होती! गाठ पडली होती. रोगाच्या पुढे चार पावले का होईना, गाडी येऊन पोचली होती. मंगळवार आणि गुरुवार परत हातात येत होते. 

स्क्रीनवर मोठी अक्षरे होती, आणि ती त्यांना लख्ख वाचता येत होती. चालकाने द्यायचे ते वचन मासोळीने मागून मोठ्याने वाचले. "मी रस्त्यावर सर्व बाजूंनी लक्ष ठेवीन, आणि गरज पडेल त्या क्षणी गाडी माझ्या हातात घेईन." खाली दोन चौकोन होते. एकावर 'मान्य', दुसऱ्यावर 'नंतर'.

"हे वकिली काम," बेकरीवाला म्हणाला. "कोण वाचतंय? दाबा तुम्ही."

"वाचलं ना पण आम्ही."

"अहो, सगळे दाबतात!"

चष्मेवाल्यांचे बोट स्क्रीनसमोर थांबले होते. आरशात त्यांना मासोळी दिसली. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती डावीकडच्या खिडकीतून बाहेर पाहत होती, जणू तिकडची राखण आता तिच्याकडे होती.

त्यांनी 'नंतर' दाबले आणि ते गाडीतून उतरले.

"काय झालं?" बेकरीवाल्याला काही उमजेना.

"सर्व बाजूंनी लक्ष ठेवायला सर्व बाजू दिसाव्या लागतात. मला डावी दिसत नाही. काचबिंदू आहे मला." एकदा सांगून झाल्यामुळे दुसऱ्यांदा सांगायला सोपे गेले. "त्या दिवशी गुण वाचवायला मी ब्रेक हळू मारला नाही. मला ती टपालवाली दिसलीच नाही. तक्रारीत माझं नाव घालू नका. तुमचं मांजर घाला."

बेकरीवाला हाताचे पीठ झटकत राहिला. डॉक्टरबाईच बोलल्या.

"आणि गाडीनं त्या फेरीला गुण किती दिले?"

"शंभर. मी ब्रेक मारला नाही एवढं तिला कळलं. का मारला नाही, ते तिनं विचारलं नाही." मग त्यांनी मागच्या सीटकडे पाहून मान हलवली. "ते हिनं विचारलं."

लेकीने जाऊन स्टिअरिंगमागची सीट आपल्या मापाला पुढे ओढली. "चल, मासोळे, शाळेत सोडते. बाबा, परवा सकाळी तुमची तपासणी आहे. मी वेळ घेतलीय, ढकलायची नाही."

आणि दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आबा आणि नात बसने तलावावर गेले. बसला वेळ दुप्पट लागे, पुलापाशी ती उगाच थांबून राही, आणि प्रश्न तर वाढलेच, कारण आता आबांना रस्ता बघायचा नव्हता. मासोळी डावीकडे खिडकीशी बसली. ती जागा तिनेच निवडली होती.

"आबा, डावीकडून सायकल."

"कुठे?"

"गेलीसुद्धा. टपालवाली नव्हती."

"मग ठीक."

पुलावर बस थांबली असताना त्यांच्या खिशातला फोन वाजला. गाडी कागदोपत्री अजून त्यांचीच होती, त्यामुळे लेक कुठूनही कुठे गेली की तिच्या फेरीचे गुण त्यांना कळत. त्यांनी फोन मासोळीपुढे धरला.

"एकसष्ट," तिने वाचले. "कारण, जोरात ब्रेक. आई नापास?"

"छे! काहीतरी मध्ये आलं असेल. तिला दिसलं, तिनं मारला."

"मग गुण का कापले?"

चष्मेवाल्यांनी फोन खिशात ठेवला. "ते कंपनीला विचारायला पाहिजे. घरी गेल्यावर लिहू या दोघं मिळून. तू प्रश्न सांग, मी लिहितो."

बस हलली. मासोळी खिडकीकडे वळली आणि लिहायच्या आधीच तिने प्रश्नांची जुळवाजुळव सुरू केली.